चांगल्या घरची यूजीनिया

यूजीनिया. आज वहीत लिहिलं तेव्हा लक्षात आलं, की हे नाव मी आजवर माझ्या हाताने कधी लिहिलेलंच नव्हतं. तोंडाने घेतलं असेल ते लग्नाआधी दोन-चारदा, आणि तेही नाक मुरडून; नंतर घेतलं ते नाकारण्यापुरतं. ती माझी सून. रायपूरच्या बूढापारा वस्तीतल्या आमच्या घरात नऊ वर्षं राहिली आणि गेल्या पावसाळ्यात, भर दुपारी, रस्त्यावरच्या अपघातात गेली. त्या दुपारची एक गोष्ट फक्त मला माहीत होती आणि ती मी माझ्या मुलाला तीन महिने सांगितली नाही. ती या नावामुळेच घडली, म्हणून आधी नावाचं सांगते.

ह्यांच्या शेवटच्या आजारात आम्ही महिनाभर दवाखान्यात होतो. वॉर्डात एक काळीसावळी, ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची नर्स होती. ह्यांना कुशीवर वळवायची, दाढी करून द्यायची, आणि ते चिडले की खोटं खोटं रागवायची. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही पोट्टी म्हणजे देवमाणूस हो." हे गेले. वर्षभराने मुलाने सांगितलं की त्याला तिच्याशीच लग्न करायचं आहे. झालं, माझा देवमाणूस तिथल्या तिथे उतरला.

"कुठली आहे?" मी विचारलं.

"जशपूरकडची. उरांव आदिवासी आहे. ख्रिश्चन."

"अरे पण घराणं? काही कूळबीळ?"

"आई, बाबाचं सगळं तिनं केलं तेव्हा विचारलं होतं का तू कूळ?"

"तेव्हा ती नर्स होती," मी म्हटलं. हे उत्तर मला त्या वेळी बिनतोड वाटलं होतं.

आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेलं. कोण कोणाबरोबर आलं, कोणाला काय मिळालं, याच्या कथा घरात इतक्यांदा सांगितल्या गेल्या आहेत की आता त्यातलं खरं किती, देव जाणे. पण तोरा मात्र शाबूत. नागपूरच्या नातेवाइकांपुढे तर जास्तच, कारण ते आम्हाला अर्धे छत्तीसगढी समजतात. मुलगा ऐकेना, तेव्हा मी एक अट घातली. लग्न आपल्या पद्धतीने होईल आणि नाव बदलायचं. यूजीनिया ही काय हाक मारायची गोष्ट आहे? त्याने तिला विचारलं आणि ती हो म्हणाली. इतक्या लवकर हो म्हणाली की मला जिंकल्यासारखंही वाटलं नाही.

आमच्यात नवी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. मग पेढे वाटत ते नाव सगळ्यांना सांगायचं. माझंही असंच झालं होतं. माझ्या माहेरच्या नावाने मला हाक मारणारा शेवटचा माणूस माझा भाऊ. तो गेला आणि ते नाव मलाच परकं झालं. म्हणजे दुसऱ्या कोणाला नाही, पण मला तरी कळायला हवं होतं. उलट मी म्हटलं, मी सोसलं, हिला काय धाड भरली आहे!

मी ठेवलेलं नाव छान होतं, साजूक होतं, चार मराठी घरांत शोभेल असं होतं. ते इथे लिहीत नाही. ते तिचं नव्हतंच.

मुलाने अंगठीने अक्षरं कोरली. तिचे वडील वाकून बघत होते. गावच्या प्राथमिक शाळेतले मास्तर, चांगले शिकलेले. कोट घालून आले होते आणि उकाड्याने निथळत होते.

"समधन जी, ये किसका नाम है?" त्यांनी मला विचारलं.

"आपकी बेटी का. आज से."

"अच्छा." मग कपाळ पुसत, "और पहले वाला?"

"वो अब आप रखिए मायके में," मी हसून म्हटलं. नागपूरच्या बायकाही हसल्या. त्यांनी हात जोडले आणि हळूच मागे सरकून उभे राहिले. ती ताटाकडे बघत होती. नंतर ते तांदूळ मी डब्यात ओतले, म्हणजे अक्षरं गेली, आणि नाव तेवढं राहिलं.

ती घरात रुळली हे म्हणणं खोटं होईल. रुळावं लागलं ते मला. ती पहिल्या दिवसापासून इथलीच असल्यासारखी वावरायची. आमच्या मुलाला मराठीत विचारा, तो अर्ध्या हिंदीत उत्तर देणार, ही इथल्या सगळ्याच मराठी घरांची रड आहे. आणि ही जशपूरची पोरगी माझ्या तोंडची भाषा उचलून बोलायची. "आई, तुमी काहून उपाशी बसून राहिले?" मी तिचे उच्चार काढून दाखवायची. ती माझे काढून दाखवायची. पावसाळ्यात माहेरून ती सालाच्या जंगलातले फुटू आणायची, मातीतून वर येणाऱ्या त्या अळंब्या. मी पहिल्या वर्षी ताट सरकवलं, दुसऱ्या वर्षी चव घेतली. तिसऱ्या वर्षी म्हटलं, "बरे आहेत, मीठ कमी आहे."

"तीन बार लिए आपने, आई," ती म्हणाली आणि पदर तोंडावर धरून हसत सुटली.

मूल झालं नाही. त्यावरून मी तिला जे बोलले ते इथे लिहायची माझी हिंमत नाही.

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिच्याच दवाखान्यात झालं. तिथे मला वेगळीच वागणूक. "यूजीनिया सिस्टर की सास आई हैं," म्हणत आयाबाई चहा घेऊन आल्या, मग दुसऱ्या वॉर्डच्या मुली बघायला आल्या. एका डोळ्याला पट्टी, तरी माझी जीभ शाबूत होती. मी आयाबाईंना सांगितलं की आमच्या सुनेचं नाव ते नाही, हे आहे. "ये कौन हैं?" त्या बिचाऱ्या गोंधळल्या. सुनेने माझा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "आई, इथं राहू द्या ना ते."

नऊ वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, "बरं. पण दवाखान्याच्या फाटकापर्यंतच." ती हो म्हणाली.

आता ती दुपार.

ती कामावरून परस्पर नवा रायपूरला गेली होती, तिच्या एका मैत्रिणीला भेटायला. तिकडचे रस्ते मोठाले, मोकळे, आणि पावसाळ्यात गुरं चिखल टाळून त्या डांबरावरच येऊन बसतात. मुलगाही तिकडेच ऑफिसात होता, पण मीटिंग होती म्हणून त्याने फोन बंद ठेवला होता. मी जेवून पेपर तोंडावर घेऊन पडले होते. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हैलो, यूजीनिया आपकी बेटी हैं?" पुरुषाचा आवाज. त्याने पुढे तिचं माहेरचं आडनावही लावलं.

"कौन बोल रहा है?"

"मैडम, हम रोड से बोल रहे हैं. स्कूटी के सामने गाय आ गई थी, इनको बहुत चोट लगी है. नंबर इन्होंने ही बताया. आप जल्दी आ जाइए."

इथे थोडं थांबून सांगते. आमच्या गल्लीतल्या एका बाईंना महिनाभर आधी असाच फोन आला होता, तुमचा मुलगा पोलीस ठाण्यात आहे म्हणून, आणि त्या पुरत्या फसल्या होत्या. तेव्हापासून मुलगा रोज माझी उजळणी घ्यायचा. "आई, अनजान नंबर असला आणि कोणी सांगून राहिला का तुझ्या माणसाले काही झालं, तर बोलायचंच नाही. काटायचा. ब्लॉक करायचा." ती बाजूला बसून म्हणायची, "आई नाही फसणार. आईच त्यांना फसवतील."

तर मी म्हटलं, "मेरी कोई बेटी नहीं है. एक ही लड़का है."

"मैडम, यूजीनिया..."

"हमारे घर में यूजीनिया कोई नहीं."

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. "आई." एवढाच. अगदी मराठी.

आणि मला काय वाटलं? मला वाटलं, बघा, लोक किती तयारीचे झाले आहेत. घर मराठी आहे हेसुद्धा यांनी काढून ठेवलं आहे. मी फोन कापला. चष्मा शोधून, मुलाने शिकवलं तसा नंबर ब्लॉक केला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. संध्याकाळी दोघं आली की सांगेन आणि शाबासकी घेईन, असा विचार करत मी परत आडवी झाले.

ते नाव ऐकून माझ्या मनात काहीच कसं हललं नाही, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. कधी वाटतं, हललं होतं. कधी वाटतं, हे मी नंतर रचून घेतलं. खरं काय ते मला सांगता येत नाही. नऊ वर्षं ज्या नावाला मी फाटकाबाहेर उभं केलं, ते हाक मारत दारात आलं आणि मी त्याला ओळखलं नाही, इतकंच खरं.

ॲम्ब्युलन्स आली, तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. गळ्यातलं ओळखपत्र बघून कोणीतरी तिच्या वॉर्डात कळवलं, तिथून मुलाच्या ऑफिसात निरोप गेला. तो पोचायच्या आत ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, आत फार रक्तस्राव झाला होता, लवकर आणलं असतं तरी वाचली नसती. सुरुवातीचा अर्धा तास मात्र शुद्धीवर होती. तिचा मोबाइल फुटला होता. फोन लावणारा माणूस तिला ॲम्ब्युलन्समध्ये चढवून निघून गेला, तो कोण ते कळलं नाही.

त्या अर्ध्या तासाने माझ्या मुलाला खायला सुरुवात केली. "ती शुद्धीत होती आई. कोणाच्या फोनवरून तरी तिनं मले लावला असेल. आणि माझा बंद होता." सकाळी चहा घेताना हेच. जेवताना घास तसाच हातात आणि हेच. जुने मेसेज, सुटलेले कॉल, सगळं तो परत परत तपासायचा. माझ्या पोराची दाढी वाढली, तो ऑफिसातून येऊन चपला न काढता बसून राहायचा. मला एका वाक्यात त्याला त्यातून सोडवता आलं असतं. तिने तुला नाही, मला लावला होता. माझा नंबर तिला तोंडपाठ होता. पण ते वाक्य बोलले की पुढचं सगळं बोलावं लागणार होतं. मी भ्याले. मी त्याला जळू दिलं आणि त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवत राहिले.

तिच्या आई-वडिलांनी तिला गावी नेलं, तिकडेच माती दिली. मी तेव्हा गेले नाही, गुडघे दुखतात म्हणाले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यात मृतांचा दिवस असतो, कबरी साफ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. तेव्हा मुलाबरोबर गेले. साध्या सिमेंटच्या क्रॉसवर काळ्या रंगाने लिहिलं होतं, यूजीनिया. वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, मास्तरांचं वळणदार अक्षर. मी ठेवलेलं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी मला बसायला खुर्ची आणून दिली.

प्रार्थना झाल्यावर चर्चच्या व्हरांड्यात चहा होता. तिथले फादरही उरांवच, वयाने माझ्याएवढे. मी त्यांना विचारलं, "इस नाम का मतलब क्या होता है?" नऊ वर्षांत घरातल्या माणसाला विचारलं नाही ते परक्या माणसाला विचारलं.

ते खूश झाले. म्हणाले, ही ख्रिसमसच्या दिवशी जन्मली आणि त्याच दिवशी जुन्या पंचांगात संत यूजीनियाचा सण असतो, म्हणून तेव्हाच्या फादरांनी हे नाव सुचवलं. शब्द ग्रीक. 'यू' म्हणजे चांगलं, 'जेनोस' म्हणजे वंश, कूळ. "मतलब, अच्छे कुल की. आपकी भाषा में कुलीन."

हातातला कप मी खाली ठेवला. मी तिचं कूळ विचारलं होतं. आणि ती ते नावातच घेऊन आली होती. पण तिने एकदाही मला तोंडावर सांगितलं नाही. तिला अर्थ माहीत होता का, असं मी फादरांना विचारलं. "अरे, बचपन में सबको बताती फिरती थी," ते म्हणाले.

मग ते रंगात आले. ही नावं फार जुनी, म्हणाले, येशूच्याही आधीची. ग्रीसमधल्या बड्या घरांना आपल्या वंशाचा अभिमान, म्हणून मुलांना अशी नावं. पुढे रोमच्या राज्यात ग्रीक नावं गुलामांनाही असायची. म्हणजे बाजारात विकत आणलेल्या पोरीचं नाव कुलीन! मग ख्रिस्ती लोकांनी हे नाव उचललं, ते रशियापासून फ्रान्सपर्यंत राण्यांना आणि धोबिणींना सारखंच मिळालं, आणि शेवटी परदेशी पाद्र्यांबरोबर या डोंगरात आलं. नंतर मी वाचलं, की याच ग्रीक शब्दापासून माणसांची चांगली पैदास आणि वाईट पैदास ठरवणारी एक विद्याही निघाली होती आणि तिने जगात लोकांचे फार हाल केले. मला ती विद्या शिकवायला कोणी लागलं नाही.

आणि संत यूजीनिया कोण? एका सुभेदाराची मुलगी, अशी कथा. घर सोडून, केस कापून, पुरुषाच्या वेषात मठात गेली. बापाला वाटलं मेली. काही वर्षांनी तिच्यावर खोटा आळ आला आणि तिला न्यायासाठी उभं केलं ते नेमकं त्याच बापासमोर. "और बाप ने पहचाना नहीं," फादर म्हणाले. "बेटी सामने खड़ी है, बोल रही है, और वो पहचान नहीं रहा."

"फिर?"

"फिर उसने खुद बताया, मैं आपकी बेटी हूँ. बाप ने गले लगा लिया."

मी उठले. नळ कुठे आहे विचारलं आणि चर्चच्या मागे जाऊन भिंतीला धरून रडले, आवाज होऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून. त्या बापाने निदान ऐकून घेतलं होतं. मी मधेच फोन कापला.

परतताना मुलगा गाडी चालवत होता. पत्थलगाव मागे पडलं. उन्हं अजून होती. तो पुन्हा सुरू झाला. "आई, मी त्या दिवशी फोन बंद नसता ठेवला तर..."

"गाडी बाजूले घे," मी म्हटलं.

"काहून? उलटी येते का?"

"घे तू."

त्याने घेतली. मी समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. तो फोन मला आला होता. तिने मलाच लावायला सांगितला होता. तो माणूस काय म्हणाला, मी काय म्हणाले, बेटी नाही म्हणाले, यूजीनिया कोणी नाही म्हणाले, कापला, ब्लॉक केला, झोपले. एकही शब्द गाळला नाही, फक्त मागून आलेल्या हाकेचं तेवढं सांगवेना. शेजारून ट्रक जात होते आणि गाडी हलत होती. मी वाट बघत होते, हा ओरडेल, उतरून जाईल, मला इथेच सोडून जाईल. ते सगळं मला चाललं असतं.

त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "तिचा आवाज आला का तुले?"

नाही म्हणायची सोय होती. आई म्हणून कदाचित नाहीच म्हणायला हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "मागून आला."

"काय म्हणाली?"

"आई."

"अजून?"

"एवढंच."

"कसं म्हणाली?"

"कसं म्हणजे काय रे?"

"रडून राहिली होती का? दुखून राहिलं होतं का तिले? कसं म्हणाली, म्हणून दाखव."

"अरे..."

"म्हणून दाखव, आई."

मी म्हणून दाखवलं. पहिल्यांदा माझ्याच आवाजात आलं. दुसऱ्यांदा फार रडवं झालं, ती तशी म्हणाली नव्हती. मी डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा जमलं, हळू, शेवट जरा वर नेऊन, मी घरात आहे की नाही विचारल्यासारखं.

त्याने ओळखलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकवून तो म्हणाला, "परत."

मी परत म्हटलं.